अक्षर पडल्याचं कळलं पाहिजे

रजा संपवून जयमाला कामावर आली, खुर्ची ओढून बसली, सवयीनं दोन्ही हात पुढं नेले आणि हात भलत्याच कशावर तरी पडले. टाईपरायटर जागेवर नव्हता.

तिनं टेबल या कडेपासून त्या कडेपर्यंत चाचपलं. समोर एक भलंमोठं खोकं उभं होतं. त्याच्या तोंडाला काच, आणि त्या काचेला हात लावला की अंगावरची लव उभी राहत होती. खोक्याच्या पायाशी प्लास्टिकची हलकी पाटी आणि पाटीवर बटणं. तिनं एक बटण दाबलं. ते खाली गेलं, वर आलं. ना आवाज, ना बोटाला धक्का.

"लंकाबाई, माझं मशीन कुठंय?"

लंकाबाई म्हणजे दूध संघाच्या ऑफिसातली शिपाई. पाथर्डीकडची, तोंडाचा पट्टा सदा चालू. पण आज तिनंही उत्तर टाळलं. "साहेबास्नीच इचारा बाई. मी काय सांगू?"

साहेब म्हणजे ऑफिस सुपरिंटेंडेंट आबासाहेब. बागायतदार घरातले, स्वभावानं वाईट नाहीत. कुणाच्याही घरी दुखणं असलं की पहिले भेटायला जाणारे. तेच आवाज ऐकून बाहेर आले.

"आलात का जयमालाताई? बरं झालं. जुनं मशीन कंपनीनं बदल्यात नेलं. आता सगळं कॉम्प्युटरवर. तुम्ही मात्र अजिबात काळजी करू नका. तुम्हाला टेलिफोनवर बसवायचं ठरलंय. फोन उचलायचा, जोडून द्यायचा. डोक्याला ताप नाही."

"कुणी ठरवलं?"

"आम्ही सगळ्यांनी बसून ठरवलं. तुमच्या भावाशीही बोललो. पंकजराव म्हणाले, उत्तमच झालं."

जयमालाच्या कानशिलांत रक्त तापलं. संघाला विचारलं, कंपनीला विचारलं, ती राहते त्याच केडगावच्या घरी, तिच्या माघारी जाऊन भावालाही विचारलं. राहिलं कोण? जिचे हात त्या मशीनवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालायचे ती.

लहानपणी गोवरात तिचे डोळे गेले. आई, बनाबाई, बौद्धवाड्यातली मोलमजुरी करणारी बाई. पोरीचं आता कसं होणार म्हणून रडायला आलेल्या बायकांना तिनं दारातून परत पाठवलं आणि पोरीला एसटीत घालून पुण्याच्या अंधशाळेत नेऊन सोडलं. तिथं जयमाला ब्रेल शिकली, टायपिंग शिकली, सरकारी परीक्षा पास झाली. नगरच्या या संघात ती लागली ती टायपिस्ट म्हणून. आबासाहेबांनी तोंडी सांगायचं आणि हिनं थेट कागदावर उतरवायचं. हातोडी कागदावर बसली की बोटाला दणका कळायचा. तो दणका हेच तिचं वाचणं होतं. अक्षर पडलं की नाही हे तिला कधी कुणाला विचारावं लागलं नव्हतं.

"मी टायपिस्ट आहे साहेब," ती म्हणाली. "मला कॉम्प्युटर शिकवा."

"अहो ताई, त्यात सगळं स्क्रीनवर बघायचं असतं."

"शिकवा म्हणते ना मी!"

तिनं टेबलावर हात इतक्या जोरात आपटला की पलीकडचे क्लार्क बोलायचे थांबले. आबासाहेब हसून म्हणाले, "बरं बाई, बरं." लहान मुलानं चंद्र मागितल्यावर म्हणावं तसं.

त्या संध्याकाळी घरी पंकज म्हणाला, "अगं तुझ्याच भल्यासाठी हो म्हणालो." जयमालानं ताट पुढं सरकवलं आणि उठली. पुढचे कित्येक दिवस ती भावाशी कामापुरतंच बोलत होती.

कॉम्प्युटर कंपनीचा नितीन नावाचा माणूस शिकवायला यायचा. त्यानं आधी नको तोच घोळ घातला. सोपं पडेल म्हणून त्यानं मराठीची अक्षरं इंग्रजी उच्चारावर लावून ठेवली होती, म्हणजे के दाबलं की क. जयमालाची बोटं जुन्या वळणानं पळाली आणि कागदावर शब्दांच्या जागी नुसता काला उमटला. नितीन म्हणाला, "मॅडम, नवीन पद्धत शिकून घ्या, पुढं हीच चालणार."

"इतकी वर्षं बोटांत जे बसलंय ते उपटून टाकू? तुमच्या सोयीसाठी?"

नितीननं मुकाट्यानं टाईपरायटरची मांडणी लावून दिली. बाकीचं तिनं पाठ केलं. फाईल उघडायला काय दाबायचं, छापायला काय, चुकून भलतीकडं गेलं तर बाहेर कसं पडायचं, सगळं. पावसाळा सरता सरता ती आबासाहेबांच्या बोलण्याच्या वेगानं टाईप करू लागली. तरी त्या पाटीशी तिचं जमेना. बटणं चहात भिजलेल्या बिस्किटासारखी. कधी नुसतं टेकलं तरी अक्षर पडायचं, कधी पार तळाला नेलं तरी पडायचं नाही, आणि दोन्ही वेळा बोटाला लागायचं तेच. बोटं ठेवायच्या जागेवर जे बारीक उंचवटे असतात तेही त्या पाटीवर नव्हते. तिनं मेणाचे ठिपके लावले, ते उन्हानं मऊ होऊन निघून गेले. जोर देऊन देऊन संध्याकाळी मनगटं ठणकायची.

तिनं दोनदा सांगितलं. आबासाहेब दोन्ही वेळा म्हणाले, "सवयीनं होईल."

मग मानपत्राची भानगड झाली.

संघाचे एक जुने संचालक निवृत्त होत होते. त्यांच्या सत्काराचं मानपत्र आबासाहेबांनी सांगितलं, जयमालानं टाईप केलं. आबासाहेबांनी ते वाचून सही केली. प्रेसवाल्यानं छापलं, फ्रेमवाल्यानं काच बसवली. भरल्या सभेत निवेदकानं खड्या आवाजात वाचायला घेतलं आणि शेवटी आला तो या वाक्यावर: "संघाच्या उभारणीतील आपले कार्य सर्वांसाठी विस्मरणीय आहे."

'अविस्मरणीय'मधला अ पडलाच नव्हता.

आधी पुढच्या रांगेत कुणीतरी फिसकलं, मग सगळा मांडव हसला. जयमाला मागं खुर्चीवर होती. शेजारी लंकाबाई. लंकाबाईला विस्मरणीय म्हणजे काय ते कळलं नव्हतं, पण मांडव हसला म्हणून तीही हसली. ते हसू जयमालाच्या अगदी कानाशी आलं.

दुसऱ्या दिवशी आबासाहेब तिच्या टेबलाशी आले. तिला वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर तिला सोसलं असतं. ते मऊ आवाजात म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका ताई. मी सगळ्यांना सांगितलं, तिची चूक नाही, तिच्या डोळ्यांची चूक आहे."

जयमाला उठून उभी राहिली.

"माझ्या डोळ्यांची? माझे डोळे कुठं होते तिथं? तुमचे होते. तुम्ही वाचलंत, सही केलीत. प्रेसवाल्याचे होते, फ्रेमवाल्याचे होते. इतक्या जणांचे डोळे त्या एका शब्दावरून गेले आणि चूक मात्र माझ्या डोळ्यांची?"

"अहो, मी तुमचीच बाजू—"

"माझी बाजू घेऊ नका. मला दुसरा कीबोर्ड द्या. अक्षर पडलं की बोटाला कळेल असा."

"कीबोर्ड काय, इथून तिथून सगळे सारखेच."

"तुम्ही हात लावून बघितलेत का सगळे?"

आबासाहेबांनी कधी एकालाही लावला नव्हता. ते म्हणाले, "तुम्हीच आणा मग निवडून," आणि केबिनमध्ये निघून गेले. लाकडी दार नेहमीपेक्षा मोठ्यानं लागलं.

दुपारी डबा खाताना लंकाबाई शेजारी येऊन बसली. "मी बी हासले हुते बाई काल."

"माहितीय. ऐकलं मी."

"मंग शिव्या द्या की."

"देणार आहे. आधी जेवू द्या."

लंकाबाईनं भाकरी मोडली. मग म्हणाली, "बाजारात कवा जायाचं? मी येते संगती."

शनिवारी अर्ध्या दिवसानंतर दोघी निघाल्या. सावेडीच्या रस्त्याला एक नवं दुकान झालं होतं. आत थंडगार, नव्या खोक्यांचा वास. जयमालानं सांगितलं, कीबोर्ड बघायचेत. दुकानदारानं लंकाबाईला विचारलं, "त्यांना कसा पाहिजे?"

"त्यांना काय विचारता?" जयमाला म्हणाली. "त्यांनी जन्मात बटण दाबलेलं नाही. दाबणार मी आहे."

"हो, हो. हा घ्या. एकदम स्लिम आहे." खोकं काउंटरवर आलं. जयमालानं चाचपलं, तर वर चिकटपट्टी.

"उघडा."

"सील तोडता येत नाही, बाई. घेतल्यावर उघडायचं."

"आणि बटणं कशी आहेत ते कसं कळायचं?"

दुकानदार पुन्हा लंकाबाईकडं वळला. आवाजाची दिशा बदलली, त्यावरून जयमालाला ते कळलं. "त्यांना सांगा ना, चित्र आहे वर, तुम्ही बघून सांगा त्यांना."

जयमालानं ते खोकं दोन्ही हातांनी ढकललं. ते काउंटरवरून घसरत जाऊन पलीकडं पडलं. "चपला तरी पायात घालून बघू देतात! इथं रोज दहा बोटं घालायचीत मला. चित्र बघून?"

"बाई, माल फुटला तर भरून द्यावं लागेल!"

"चला लंकाबाई."

बाहेर ऊन चटचटत होतं. जयमाला इतक्या भराभर चालत होती की लंकाबाईला तिचा दंड धरायला पळावं लागलं. "आवो थांबा, गटार हाय पुढं!" ती थांबली. तिला रडू येईल असं लंकाबाईला वाटलं, पण जयमाला म्हणाली, "अजून दुकानं असतील ना? एवढं मोठं नगर आहे."

लंकाबाईचा एक नात्यातला माणूस नागापूरच्या एमआयडीसीत पहारेकरी होता. कारखान्यांनी टाकून दिलेले जुने कॉम्प्युटर विकत घेऊन दुरुस्त करणारा एक जण तिकडं आहे, हे तिनं त्याच्याकडून ऐकलं होतं. दोघी टेम्पोत बसून तिकडं गेल्या.

पत्र्याच्या शेडमध्ये सोल्डरचा धूर कोंडला होता. दुकानदाराचं नाव भिमाजी. तो कुणाशीच फार बोलत नव्हता, लंकाबाईशीही नाही. जयमालाचं सांगणं ऐकून त्यानं एक कॉम्प्युटर चालू केला, तिला स्टुलावर बसवलं आणि एकेक कीबोर्ड तिच्या मांडीवर द्यायला लागला.

पहिला तिनं लगेच परत केला. भिजलं बिस्किट. दुसऱ्याची बटणं बरी होती, पण त्याचं एंटरचं बटण एवढं मोठं की शेजारचं खोडायचं बटण चेपून अगदी कोपऱ्यात गेलेलं. तिचं करंगळीचं बोट दर वेळी भलतीकडं पडत होतं. उंचवटे होते, तेही एकेक घर सरकलेले. बोटं त्यांच्यावर ठेवून टाईप केलं तर सगळी ओळच चुकायची.

तिसऱ्याला आवाज होता. प्रत्येक बटणाला टकक करून वाजायचं. लंकाबाई खूश झाली. "ह्योच घ्या बाई! तुमच्या मशीनवानी वाजतंय."

जयमालालाही क्षणभर तसंच वाटलं. पण मानपत्रानं तिला पोळलं होतं.

"लंकाबाई, तुम्ही काचेकडं बघा. मी हळू दाबते. अक्षर उमटलं की 'पडलं' म्हणा."

तिनं बटण मुंगीच्या पावलानं खाली नेलं. टकक वाजलं. तिथंच बोट थांबवलं.

"पडलं?"

"न्हाई."

तिनं आणखी दाबलं, तळाला टेकेपर्यंत.

"आता पडलं!"

पुन्हा केलं. पुन्हा तेच. आवाज आधी, अक्षर नंतर. आवाज नुसता दिखाऊपणाचा होता. घाईत टाईप करताना आवाज आला की बोट उचललं जाणार आणि अ पुन्हा गिळला जाणार. जयमालाला त्या वस्तूचाही राग आला, माणसाचा यावा तसा. "खोटारडा आहे हा," ती म्हणाली. "न वाजणारा परवडला."

भिमाजीनं मान वर केली. मग फळीवरून एक धूड काढून धूळ झटकली आणि तिच्या मांडीवर ठेवलं. मांडी दबली. दगडासारखं जड, कडा जाड, वायर गुंडाळ्या-गुंडाळ्यांची.

"परदेशी कंपनीचा आहे. कारखान्यातून आलाय. प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्प्रिंग. कुणी घेत नाही, आवाज लई करतो."

जयमालानं बोटं ठेवली. उंचवटे होते, असायला हवे तिथंच. एंटर आडवा, आटोपशीर. खोडायचं बटण लांबरुंद, करंगळी सहज पोचेल असं. तिनं एक बटण हळू दाबलं. आधी विरोध, मग विरोध वाढला, आणि एका ठिकाणी स्प्रिंग मोडल्यासारखी कटकन सुटली. बोटाला दणका बसला.

"पडलं!" लंकाबाई ओरडली. "त्याच टायमाला पडलं!"

जयमालानं शेजारचं दाबलं. मग त्याच्या शेजारचं. मग दाबायला सुरुवात करून मध्येच सोडून दिलं. आवाज नाही, आणि लंकाबाईनंही "न्हाई" म्हटलं. सगळ्या ओळी तिनं अशाच तपासल्या. एक बटण अडकत होतं, ते भिमाजीनं उपसून साफ करून दिलं. मग तिनं मोठा श्वास घेतला आणि पूर्ण वेगानं एक ओळ टाईप केली. पत्र्याच्या शेडमध्ये मशीनगन सुरू झाल्यासारखं झालं.

"काय लिहिलं बाई?" लंकाबाईनं विचारलं. ती चौथी शिकलेली. एकेक अक्षर लावायला लागली, पण भिमाजीच्या कॉम्प्युटरवर मराठी घातलेलंच नव्हतं, पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ होता.

"शिवी," जयमाला म्हणाली. "तुम्हाला द्यायची राहिली होती ना."

पैसे तिनं स्वतःच्या पर्समधून दिले. संघाच्या नावानं बिल करून आणलं असतं तर उद्या संघानं काढूनही घेतलं असतं.

सोमवारी तिनं नितीनकडून तो जोडून घेतला आणि कामाला लागली. दुपारपर्यंत सगळं ऑफिस वैतागलं. हिशेबनीस म्हणाला बेरीज चुकते. कुणी म्हणालं फोनवर ऐकू येत नाही. जयमाला थांबली नाही. खरं सांगायचं तर तिला त्यांच्या वैतागण्यानं बरं वाटत होतं. इतके दिवस तिनं गिळलं होतं, आता थोडं त्यांनी गिळावं.

चार वाजता आबासाहेब आले. "जयमालाताई, तुमच्यासाठी एक चांगली सोय केलीय. मागच्या स्टोअरच्या खोलीत टेबल लावून देतो. शांत आहे, कुणाचा त्रास नाही तुम्हाला."

त्या खोलीत दुधाचे फुटके कॅन आणि जुनी रजिस्टरं होती. खिडकी नव्हती. जयमालानं हात बटणांवरून उचलले.

"मला कुणाचा त्रास आहे?"

"म्हणजे... आवाज फार होतो ना."

"माझ्या टाईपरायटरचा याहून जास्त व्हायचा. तेव्हा कुणी स्टोअरमध्ये बसवलं नाही."

"तेव्हाची गोष्ट वेगळी. जरा समजून घ्या."

"बरं," जयमाला म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली आला, आणि दाराशी उभी असलेली लंकाबाई त्यानंच घाबरली. "मी जाते स्टोअरमध्ये. पण लेखी हुकूम पाहिजे. तुम्ही सांगा, मी टाईप करते."

तिनं नवी फाईल उघडली, बोटं जागेवर ठेवली. "सांगा."

आबासाहेब खोकले. सगळं ऑफिस कान देऊन बसलं होतं. "अहो, हे तोंडी—"

"सांगा. श्रीमती जयमाला भिंगारदिवे, टायपिस्ट, यांस." कट कट कट कट. प्रत्येक अक्षर भिंतीवर जाऊन आदळलं. "आपणास कळविण्यात येते की आजपासून आपली बैठक स्टोअर खोलीत करण्यात येत आहे. कारण." तिनं हात थांबवले. "पुढं सांगा साहेब. कारण काय लिहू?"

तिनं बोटं पुन्हा बटणांवर टेकवली.

"डोळ्यांची चूक लिहू? की माझं काम ऐकू येतं म्हणून लिहू? तुम्ही सांगाल ते लिहीन. एक अक्षर गाळणार नाही, आता गळतच नाही. सांगा ना!"

शेवटचे दोन शब्द ती ओरडली. आबासाहेबांच्या चपलांचा आवाज केबिनपर्यंत गेला.

जयमालानं ती फाईल पुसली नाही. 'कारण'पर्यंत छापून घेतली आणि लंकाबाईला म्हणाली, "साहेबांच्या टेबलावर ठेवा."

लंकाबाईनं ठेवली. स्टोअरचं नाव पुन्हा निघालं नाही. पण आबासाहेबांनीही आपला राग दाखवला. ते स्वतः पत्र सांगायला येईनात. कागदावर लिहून लंकाबाईच्या हाती पाठवायचे. लंकाबाई अडखळत वाचणार, "वि-त-र-ण" म्हणणार, आणि जयमाला ओठ आवळून एकेक शब्द लावून घेणार. एका पत्राला सकाळ जायची. जयमालाला कळत होतं, ही शिक्षा आहे. तीही केबिनमध्ये गेली नाही.

दिवाळीच्या आधी गावोगावच्या दूध संस्थांना दराची पत्रं तातडीनं जायची होती, त्या दिवशी मात्र लंकाबाईच्या वाचनावर भागेना. आबासाहेब तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"घ्या लिहून," ते अखेर म्हणाले.

"खुर्ची आहे तिथं," जयमाला म्हणाली. "बसून सांगा. आणि मोठ्यानं सांगा, आवाज फार होतो."

आबासाहेब बसले. त्यांनी घसा साफ करून चढ्या आवाजात सुरुवात केली. तिची बोटं मागोमाग सुटली. राग तिचा गेला नव्हता. तो पुढंही बरीच वर्षं गेला नाही. पत्र पूर्ण झाल्यावर आबासाहेबांनी छापलेला कागद हातात घेतला, आणि या वेळी त्यांनी तो पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचला. ते वाचून होईपर्यंत जयमाला हात बटणांवर ठेवून थांबली.

"बरोबर आहे," ते म्हणाले.

"माहितीय," ती म्हणाली. "पुढचं सांगा."